लोक का म्हन्तेत जी?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावात एखाद्याचं मत हवं असेल तर त्याला त्याचं मत विचारू नये. विचारलं की माणूस सावध होतो. तोंडातला खर्रा या गालातून त्या गालात जातो, नजर रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवर स्थिरावते आणि उत्तर येतं, "आपल्याले का समजते जी त्याच्यातलं!" बोलणं इथे संपलं असं परगावच्या पाहुण्याला वाटतं. जाणकार मात्र पुढचा प्रश्न टाकतो, "पन लोक का म्हन्तेत?" मग अर्धा तास लोक काय म्हणतात ते ऐकायला मिळतं. सविस्तर, आकड्यांसह, निकालासह. या लोकांत बोलणाऱ्याची बायको नसते, भाऊ नसतो, शेजारी तर नसतोच. नीट चौकशी केली तर 'लोक' या नावाखाली एकच इसम सापडतो आणि तो पानठेल्यासमोर उभा असतो.

याला पळपुटेपणा म्हणणं सोपं आहे, पण ते शहरातल्या माणसाने म्हणावं. त्याने सकाळी मोबाईलवर ज्याला देशद्रोही ठरवलं तो त्याला जन्मात भेटणार नसतो. इथे तोच माणूस दुपारी तहसील कार्यालयात सातबाऱ्याच्या रांगेत पुढे असतो, संध्याकाळी बाजारात भाजी निवडत असतो आणि लग्नाच्या पंगतीत नेमका शेजारच्या पानावर येतो. एवढ्याशा गावात मत पाळायचंच असेल तर त्याला दावं लावून दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलेलं बरं.

गाव मुळात ऐकून घेण्यात मुरलेलं आहे, सुरुवात नावापासूनच. भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा त्याच्या आठ तालुक्यांत दोन अर्जुन्या आल्या. सडक अर्जुनी मुंबई-कोलकाता महामार्गावर, अर्जुनी मोरगाव गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर. एकीला सडक, दुसरीला रेल्वे, अशी वाटणी झाली. परगावचा पाहुणा हमखास चुकीच्या अर्जुनीत उतरतो. या बाबतीत दोन्ही तालुक्यांचं क्वचित दिसणारं एकमत आहे: चूक पाहुण्याची.

निवडणूक आली की मात्र लोकांना कंठ फुटतो. नक्षलप्रभावित भाग म्हणून अर्जुनी मोरगाव विधानसभा मतदारसंघात मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ पर्यंतच ठेवलं जात आलं आहे. उरलेला बहुतेक महाराष्ट्र संध्याकाळी सहापर्यंत रांगेत उभा असतो तेव्हा इथली यंत्रं बंद झालेली असतात आणि पानठेले उघडलेले असतात. मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल जाहीर करायला निवडणूक आयोगाची बंदी आहे. ती वाहिन्यांना असते. पानठेल्याला ती कळवायचं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. तीन ते सहा या तीन तासांत कुठल्या गावात काय चाललं, कोण कुणाच्या गाडीत बसलं, कुणाचा मुलगा कोणत्या बूथवर दिसला, याचा हिशेब होतो आणि सहा वाजता निकाल लागतो. पुढे मतमोजणीत तो चुकला तर दोष मतमोजणीचा.

यात २०१९ ची निवडणूक म्हणजे पर्वणीच होती. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी आणि गोरेगावचा काही भाग मिळून झालेल्या या राखीव मतदारसंघातून भाजपचे राजकुमार बडोले २००९ आणि २०१४ असे दोनदा निवडून आले होते, राज्याचे सामाजिक न्यायमंत्रीही झाले होते. तिसऱ्यांदा राष्ट्रवादीचे मनोहर चंद्रिकापुरे यांनी त्यांना हरवलं. फरक ७१८ मतांचा. लाखभराचा फरक असता तर लोकांनी 'लाट होती' म्हणून विषय सोडून दिला असता. ७१८ हा आकडा मात्र माणसाला झोपू देत नाही, कारण तो ओळखीचा वाटतो. एका बऱ्यापैकी लग्नाला याहून जास्त माणसं येतात. गणित मांडलं तर ३६० जणांनी इकडचं बटण सोडून तिकडचं दाबलं असतं की निकाल उलटला असता.

हे ३६० जण कोण, याचं संशोधन पुढची पाच वर्षं चाललं. एका टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, सांगितलं जाई की आमच्याच टोल्याने पाडलं. पलीकडच्या गावात म्हणत, त्यांचं काय घेऊन बसलात, एकट्या आमच्या वॉर्डाने केलं ते. कुणी रस्त्याच्या खड्ड्याला श्रेय दिलं, कुणी न मिळालेल्या घरकुलाला, कुणी भाच्याच्या बदलीला. या सगळ्या दाव्यांची बेरीज केली तर बडोले लाखभर मतांनी पडलेले निघतील.

मग २०२४ आलं. मधल्या काळात राष्ट्रवादीचे दोन भाग झाले होते, अजित पवारांच्या भागाकडे घड्याळ हे चिन्ह राहिलं होतं आणि तो भाग भाजपच्या सोबतीला होता. जागा घड्याळाच्या वाट्याला. ऑक्टोबरात बडोले यांनी भाजप सोडून राष्ट्रवादीत प्रवेश केला, निवडून आलेल्या आमदाराचं तिकीट कापलं गेलं आणि घड्याळाच्याच चिन्हावर बडोले काँग्रेसच्या दिलीप बन्सोड यांच्यासमोर उभे राहिले. जिंकलेही. २०१९ मध्ये ज्या घड्याळाने त्यांना पाडलं त्याच घड्याळाने २०२४ मध्ये तारलं. अशा वेळी कार्यकर्त्याची फार पंचाईत होते. पाच वर्षांपूर्वी त्याने घड्याळ बंद पडल्याची जी विनोदी भाषणं केली ती कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलमध्ये असतात. आणि समोरच्या घड्याळवाल्याने याच बडोलेंबद्दल जे जे म्हटलं होतं ते त्यालाही पोटात घालावं लागतं. दोघं प्रचाराच्या एकाच जीपमध्ये बसले, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं असणार, लोक का म्हन्तेत?

मागे वळून पाहताना लोकांचं मत फारच सुधारतं, याचा सगळ्यात मोठा दाखला ह्याच मातीतला आहे. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. दोन जागांचा मतदारसंघ होता आणि राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. घटना लिहून जेमतेम पाच वर्षं होत होती. मतदारांनी काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांना निवडून दिलं. दुसऱ्या जागेवरून प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता गेले. बाबासाहेब हरले. आज भंडारा-गोंदियात फिरून जुन्या माणसांच्या घरी चौकशी केली तर एक चमत्कार दिसतो: ज्याच्या आजोबांनी तेव्हा बोरकरांना मत दिलं असा एकही नातू सापडत नाही. सगळ्यांच्या आजोबांनी बाबासाहेबांनाच मत दिलेलं. मग पाडलं कुणी? तर 'लोकांनी'. इथे 'लोक' या इसमाचा उपयोग किती जुना आहे ते कळतं.

पेट्या गेल्या, यंत्रं आली, तरी मतांना तोटा आला नाही. नाना पटोले यांनी २०१४ मध्ये प्रफुल्ल पटेलांना हरवून भंडारा-गोंदियाची लोकसभेची जागा भाजपला मिळवून दिली आणि डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामाही देऊन टाकला. पोटनिवडणुकीची तारीख आली २८ मे २०१८. पूर्व विदर्भात पंचवीस मेपासून नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत बाहेर पडताना म्हातारी माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळतात आणि खिशात कांदा ठेवतात. अशा मुहूर्तावर मतदान ठेवलं आणि ठिकठिकाणी व्हीव्हीपॅट यंत्रं बंद पडू लागली. उष्णतेने यंत्रं बिघडली, असं कारण पुढे आलं. गदारोळ झाला आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. निवडून आले राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे.

या विषयावर देशभर तज्ज्ञांची चर्चा झाली. सेन्सर, प्रकाश, तापमान, वाहतूक, सगळं झालं. नवतपा ज्यांनी अंगावर काढला होता त्यांच्या मते मुद्दा साधा होता. मतदाराला ऊन लागत नाही, रांगेत उभ्या म्हातारीला लागत नाही, पंचेचाळीस अंशांत तेंदूपाने तोडणाऱ्या बाईला लागत नाही आणि सावलीत, टेबलावर, पोलीस बंदोबस्तात ठेवलेल्या यंत्राला लागतं? दुसरा पक्ष यंत्राच्या बाजूचा होता. त्यांचं म्हणणं, यंत्र दिल्लीकडचं आहे, त्याला सवय नाही. खिशात कांदा ठेवायला पाहिजे होता. निवडणूक आयोगाने या सूचनेवर काय केलं ते कळलेलं नाही.

'लाडकी बहीण' योजना आल्यापासून मतांच्या बाजारात एक नवी अडचण झाली आहे. जुलै २०२४ पासूनचे महिना १५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो, राज्याच्या तिजोरीवर बोजा पडतो, हे मत पानठेल्यावर पुरुषमंडळींनी अतिशय पोटतिडकीने मांडलं. घरी गेल्यावर त्यातल्या अनेकांना मोबाईलच्या रिचार्जसाठी त्याच तिजोरीकडे हात पसरावा लागला. बायकांनी या विषयावर मत दिलं नाही. त्यांनी पासबुक भरून घेतलं.

जगाच्या घडामोडींविषयीही मतं तयार असतात, पण ती धानाच्या वाटेने येतात. गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. इथे कोणताही आंतरराष्ट्रीय प्रश्न आधी बांधीत उतरतो आणि मग डोक्यात शिरतो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती उठवली. त्या चौदा महिन्यांत ज्याने आयुष्यात गोंदियापलीकडे पाऊल टाकलं नाही तोही आफ्रिकेत तांदूळ कोण खातं आणि थायलंड काय भावाने विकतो यावर बोलत होता. पुण्या-मुंबईचा पदवीधर ज्याला 'पुरवठा साखळी' म्हणतो, ती इथे धानाच्या पुंजण्याजवळ उभं राहून समजावून सांगितली जाते. साधारण धानाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला २,३०० रुपये, पुढच्या वर्षी २,३६९. २०२४-२५ चा बोनस हेक्टरी २० हजार, तोही दोन हेक्टरपर्यंत. हे आकडे शाळेत नापास झालेल्यालाही पाठ असतात. बोनस जमा कधी होणार, एवढी एकच तारीख कुणालाच पाठ नसते, अधिकाऱ्यालाही नाही.

मतांचा हंगामही धानच ठरवतं. पऱ्हे टाकायच्या आणि रोवणीच्या दिवसांत सरकार पडलं तरी कुणी मान वर करत नाही. कंबर वाकलेली असते, पाय चिखलात असतात. धान कापून, चुरून घरात आलं की मतं बाहेर पडतात. दिल्लीच्या राजकारण्यांना हे कळत नाही. ते पावसाळी अधिवेशनात गोंधळ घालतात, तेव्हा ऐकायला कोण मोकळं असतं?

चीनविषयीच्या मतांत हा तालुका उरलेल्या महाराष्ट्राच्या फार पुढे आहे. टीव्हीवरच्या चर्चेत निवृत्त सेनानी नकाशावर काठी फिरवतात. इथे गोठणगावाजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. हिमालयातून आलेली माणसं मे महिन्यातल्या विदर्भात येऊन शेती करू लागली, धान लावू लागली. ऊन त्यांनी कसं सोसलं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. व्हीव्हीपॅटपेक्षा बरं सोसलं एवढं नक्की. जुलै २०२५ मध्ये दलाई लामा नव्वद वर्षांचे झाले आणि त्यांच्यानंतर कोण, यावर जगभरच्या वर्तमानपत्रांनी पानं भरली. गोठणगावच्या आसपासच्या शेतकऱ्याला हा प्रश्न परराष्ट्र धोरणाचा वाटत नाही, शेजारच्या घरातला वाटतो. आणि शेजारच्या घरातल्या गोष्टीवर मत देताना तो, नेहमीप्रमाणे, जपून बोलतो. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या एकाच प्रतापगडावर महाशिवरात्रीची यात्रा आणि ख्वाजा उस्मान गनींचा दर्गा दोन्हींकडे जाणाऱ्या तालुक्याला टीव्हीवरची आरडाओरड जरा कर्कशच वाटते. आवाज कमी करून पाहतात. बंद करत नाहीत, मधे जाहिराती चांगल्या असतात.

आता वाघ. वाघाविषयी मत नसलेला माणूस या भागात दाखवा आणि बक्षीस घ्या.

तालुक्यातच नवेगावबांध आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला म्हणून सांगितला जाणारा प्रचंड तलाव, भोवती डोंगर आणि १९७५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. ताडोब्यात वाघ इतके की पर्यटक कंटाळून हरणांचे फोटो काढतात. इकडे वाघ कमी, त्यामुळे वाघाविषयीची मतं जास्त. ज्याला दिसला तो गप्प असतो. ज्याला दिसला नाही तो त्याची लांबी सांगतो.

वाघांची संख्या वाढावी म्हणून मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातल्या दोन वाघिणी पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून नागझिऱ्यात सोडल्या. वनखात्याने त्यांना एनटी-१, एनटी-२ अशी नावं दिली. लोकांनी हे प्रकरण ताबडतोब सोयरिकीच्या हिशेबात घेतलं. पोरी ब्रह्मपुरीच्या, दिल्या नागझिऱ्यात. मुलाकडचं जंगल कसं आहे, पाणी आहे का, पोरी नांदतील का, माहेराकडे पळून जातील का? खात्याचे अधिकारी अधिवास, स्थलांतर, जनुकीय वैविध्य असं काहीबाही सांगत होते. त्याचा अर्थ ऐकणाऱ्यांनी बरोबर लावला: जवळच्या नात्यात देऊ नये म्हणून लांबची पोरगी आणली. सासरी गेलेल्या मुलीची रोजची खबर ठेवणारा पट्टा गळ्यात घालता येतो ही माहिती मात्र अनेक बापांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकली.

खरा जाणकार इथे होऊन गेला तो माधवराव पाटील डोंगरवार. नवेगावचा हा शेतकरी-शिकारी पुढे जंगलाचा राखणदार झाला. वनाधिकारी म्हणून नवेगावला आलेल्या मारुती चितमपल्लींनी या माणसाकडून जंगल शिकून घेतलं आणि मराठी वाचकांपर्यंत पोचवलं. चितमपल्ली मूळ सोलापूरचे. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या निधनाच्या दिवशी मोबाईलवर श्रद्धांजल्यांचा पूर आला. त्यातल्या कितीजणांनी त्यांचं पुस्तक उघडलं होतं हा प्रश्न विचारू नये. चितमपल्ली स्वतः पक्षी पाहायला तासन्‌तास न बोलता बसत. न बोलता बसणाऱ्याबद्दल इतकं बोललं जावं, हेही इथलंच.

बिबट्या, वाघ, हत्ती यांच्याविषयी नागपूर-पुण्यातल्या वन्यप्रेमींची मतं फार उदार असतात, हे इथे सांगायलाच हवं. ओडिशा-छत्तीसगडकडून गडचिरोलीत उतरलेला रानटी हत्तींचा कळप २०२२ मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यातही शिरला तेव्हा शहरात 'किती गोड' अशी चित्रं फिरत होती. ज्याचं पुंजणं आणि घर त्या कळपाच्या वाटेत आलं त्याचं मत वेगळं होतं आणि ते मोबाईलवर कुणी फिरवलं नाही. विनोदाची सीमा तिथे संपते.

या सगळ्या मतांचा खरा दरबार भरतो तो दिवाळीनंतर, रात्री. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, सुरू होते आणि मंडईबरोबर झाडीपट्टीची नाटकं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीच्या मुलखात ही रंगभूमी होळीपर्यंत जोरात चालते. तिची राजधानी वडसा, म्हणजे देसाईगंज. अर्जुनी मोरगावहून रेल्वेने जवळच. तिथे नाट्यसंस्थांची कार्यालयं आहेत, बाहेर रंगीत फलक आहेत आणि गावोगावची मंडळं आपल्या तारखेला नाटक ठरवायला तिथे जातात. बैलांच्या शर्यतींचा शंकरपट असला तर दुधात साखर. हा पट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बंद पडला होता आणि मे २०२३ च्या निकालाने तो पक्का परत आला. मधल्या काळात प्राणिमित्र आणि बैलमित्र यांच्यात जी मतं झडली ती दोन्ही बाजूंनी बैलाच्या प्रेमापोटीच होती. बैलाला कुणी विचारलं नाही, हीच काय ती उणीव.

नाटक रात्री दहाला सुरू होणार असं माईकवरून सांगतात, म्हणजे अकराला होतं, आणि पहाटेपर्यंत चालतं. तीन अंक, गाणी, मधे लावणी, विनोदी जोडी आणि शेवटी अश्रू. पुढे खुर्च्या, मागे तणस किंवा ताडपत्री, वर थंडी. मंचासमोरच्या खड्ड्यात वाजवणारे बसतात आणि प्रॉम्प्टरही तिथलाच. कलावंत रोज वेगळ्या गावात वेगळं नाटक करतात, त्यामुळे प्रॉम्प्टरचा आवाज पुढच्या चार रांगांपर्यंत पोचतो. चाणाक्ष प्रेक्षक वाक्य नटाच्या आधी ऐकतो आणि नट ते नीट म्हणतो की नाही हे तपासून पाहतो. मुंबईच्या समीक्षकाला ही सोय नाही.

विषय चालू जमान्याचे. कर्जाने पिचलेला शेतकरी, हुंडा, दारू, मांत्रिक, शिकून परत आलेली मुलगी, सासू-सून. वर्तमानपत्रात आलेलं पुढच्या हंगामात मंचावर येतं. आणि प्रेक्षक मत राखून ठेवत नाही. इथे 'लोक म्हन्तेत' वगैरे काही नाही. अंधारात, ब्लँकेटच्या आतून, थेट स्वतःचं मत निघतं. सावकार मंचावर आला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. तो उद्धार करणाऱ्यांत एखादे सावकारही असतात, ही गोष्ट वेगळी. मुलीला शिकवलं पाहिजे या संवादाला टाळ्या पडतात. हुंड्याच्या दृश्याला बाया पदर डोळ्याला लावतात आणि मध्यंतरात चहा घेताना त्याच गर्दीत सोयरिकीची बोलणी सुरू होतात. हे खरंच होतं. नाटकाच्या निमित्ताने पाहुणे येतात आणि पाहुण्यांसोबत स्थळं. देण्याघेण्याचा विषय तेव्हा हळू आवाजात निघतो, कारण आत तिसरा अंक सुरू झालेला असतो.

दारूचं तर विचारूच नये. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. म्हणजे झाडीपट्टी नाटकांची राजधानी वडसा बंदीच्या हद्दीत आणि शेजारचा अर्जुनी मोरगाव तालुका बंदीबाहेर. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी लागली, २०२१ मध्ये उठली. त्यामुळे दारूबंदीविषयीचं माणसाचं मत विचारण्याआधी तो त्या घडीला कोणत्या जिल्ह्यात उभा आहे हे पाहून घ्यावं लागतं. आणि दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या संसाराचं नाटक पाहून सगळ्यांत जास्त रडतो तो बहुधा जरा घेऊनच आलेला असतो. त्याच्या अश्रूंवर शंका घेऊ नये. विषय त्याच्या जवळचा असतो.

या रंगभूमीवर आयुष्य काढलेले गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. हजारो प्रयोग केलेला हा विनोदी नट. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा पुण्या-मुंबईत अनेकांनी झाडीपट्टी कुठे आली म्हणून नकाशा उघडला. इकडच्या मंडळींना आनंद झाला, आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी तो निकाल कितीतरी वर्षं आधी, तणसावर बसून, देऊन टाकला होता. पुण्या-मुंबईचे, मालिकांत दिसणारे नटनट्याही हंगामात आकर्षण म्हणून इकडे आणले जातात. त्यांना पाहायला गर्दी होते, पण भाव त्यांना त्यांच्या मालिकेमुळे मिळत नाही. पहाटे चार वाजता, पंधराव्या रांगेपर्यंत आवाज पोचतो का, यावर मिळतो. टीव्हीवर विदर्भाचा म्हणून जो माणूस दाखवतात तो सरसकट वऱ्हाडी बोलतो. त्याला हे लोक हसतात, पण आपला मानत नाहीत. वऱ्हाड तिकडे अमरावती-अकोल्याला आणि झाडी इकडे, हा फरक मुंबईच्या लेखकाला शिकवायचा प्रयत्न आता बहुतेकांनी सोडून दिला आहे.

सकाळी नाटक सुटल्यावर परतीच्या वाटेवर समीक्षा होते. ती फार थोडक्यात असते. रडू आलं का? हसू आलं का? झोप लागली का? तिसऱ्या प्रश्नाला 'हो' असेल तर पहिल्या दोनांना अर्थ नाही. इतक्या कडक कसोटीवर मराठीतली किती नाटकं, किती अग्रलेख आणि विधानसभेतली किती भाषणं टिकतील, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ज्यांना हे सारं डोळ्यांनी पाहायचं असेल त्यांनी भाऊबीज ते होळी या काळात यावं. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी धरून अर्जुनी स्थानकावर उतरावं. सडक अर्जुनीत रेल्वे येत नाही, तेवढं लक्षात ठेवावं. ब्लँकेट स्वतःचं आणावं. खुर्चीचं तिकीट परवडलं तरी जमिनीचं घ्यावं, समीक्षक तिथेच बसतात. आणि मध्यंतरात चहा पिताना शेजारच्याला येत्या निवडणुकीत काय होईल असं विचारायची इच्छा झाली, तर प्रश्न नीट विचारावा.